सहा तारांची वेणी

“…टेबलावर चालते, बाबा. मग मैदानात का नाही?”

पाहुण्याने विचारलं तेव्हा दस्तगीरबाबा चुलीपाशी होते. ते चुलीतलं लाकूड आत सारत होते.

धुकं इतकं होतं की तकियाच्या पडवीतून तळं दिसत नव्हतं. तळ्याच्या पायऱ्या तेवढ्या दिसत, दोन-तीन, आणि पुढे काहीच नाही. पाणी आहे हे ऐकूनच समजून घ्यायचं.

तकिया, म्हणजे फकिराचं ठिकाण, असतं तरी काय… पत्र्याची पडवी, एक चूल, हिरवी चादर घातलेली जुनी कबर आणि चिंचेचं झाड. बाबा इथे राहायला येण्याआधी चाळीस वर्षं गावात पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करत होते. त्यामुळे लोक अजूनही मोटारी घेऊन येतात. काही जण दुखणी घेऊन येतात. बाबा दोन्हीकडे सारखंच बघतात.

मी रोज सकाळी येतो आणि चहा करतो. चहा मला नीट जमत नाही, पण आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

तर त्या सकाळी हा शार्दूल आला होता. कोल्हापूरचा, पस्तिशीचा, इंजिनिअर. त्याच्या हातात अल्युमिनियमची पेटी होती. ती त्याने सतरंजीवर ठेवली, दोन्ही कुलपं एकदम टक्कन उघडली आणि आतून एक गाडी काढली.

हातभर लांबीची. रिमोटवर पळणारी. शर्यतीची.

मला हसू आलं. मग मी ती जवळून बघितली आणि हसू गेलं. आतली एकेक तार मोजून कापलेली, काळ्या नळीत घातलेली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. एकही तार लोंबत नव्हती.

“तुम्ही केलंत?” मी विचारलं.

“सगळं मीच केलंय,” तो म्हणाला. “इतर लोक फोटो काढून नेतात.”

मला असली माणसं आवडत नाहीत. मी स्वतः नोकरीत तसाच होतो, हे कारण असावं.

“चालवतो कोन?” बाबांनी विचारलं.

शार्दूलने बाहेर धुक्यात बघितलं.

“बायको… हेमांगी. मी बनवतो, ती चालवते.”

“कुठं हाय ती?”

“बाहेर कारमध्ये असेल. बाबा, ही मोटार बघा. ब्रशलेस आहे. चांगली मोटार आहे, महिन्यापूर्वीच नवी घातली. शिट्टी झाली, ट्रिगर दाबला की जागच्या जागी अडखळते. खर्र… खर्र… दोन सेकंद. तोवर बाकीच्या गाड्या पहिल्या वळणावर. एकदा वेग घेतला की मग सुरळीत. वळणावरून पुन्हा उठताना पुन्हा खर्र. तीन शर्यती गेल्या. रविवारी शेवटची आहे.”

“काय काय बदललंस?”

“मोटार बदलली. स्पीड कंट्रोलर बदलला. बॅटरी बदलली. रिमोटसुद्धा बदलला.”

“आन् मग?”

“मग काही राहिलंच नाही.” त्याने आवाज खाली आणला. “टेबलावर मी शंभर वेळा ट्रिगर दाबतो. एकदाही अडखळत नाही. तिने दाबला की अडखळते. मग राहिलं काय… बोट. तिचं बोट.”

चुलीतलं लाकूड तडतडलं.

“हे तिला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“एकटीला?”

शार्दूलने गाडीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

“सगळ्यांसमोर,” तो म्हणाला.

चहा झाला होता. मी एक पेला घेऊन बाहेर गेलो.

ती कारमध्ये नव्हती. कारचं दार उघडं होतं. मी पायऱ्यांकडे गेलो तेव्हा ती चौथ्या पायरीवर बसलेली दिसली. शेजारी प्रवासाची बॅग होती.

“ताई, चहा घ्या.”

तिने घेतला. एक घोट घेतला, पेल्यात बघितलं आणि तरीही पुढचा घोट घेतला. मला ती तिथेच आवडली.

“काका, फाट्यावर तासगावची एसटी साडेनऊलाच येते ना?”

“धुकं आहे. थोडी उशिरा येईल.”

“येईल ना पण?”

“येईल. तासगावला कोण असतं?”

“आई.”

 पाण्यावर कुठेतरी एक पक्षी पंख आपटत होता. दिसत मात्र नव्हता.

“काका,” ती एकदम म्हणाली, “तीन वर्षं ह्या बोटाने त्याच्या गाड्या पहिल्या आणल्यात मी.” तिने उजव्या हाताचं बोट वर केलं, स्वतःच त्याच्याकडे बघितलं आणि मुठीत घेतलं. “तेव्हा त्याने एकदाही बोटाचं नाव काढलं नाही.”

मी बॅगेकडे बघितलं; ती मोठी होती.

“मी त्याला सांगत होते, गाडी जोर घेताना पिळते, मला रिमोटवर कळतं. त्याने ऐकून घेतलं नाही. त्याच्याकडे उत्तर आधीच तयार असतं. त्याला काही सांगायला जावं तर तो आपलंच वाक्य पुरं करून देतो… आणि तेही चुकीचं.”

रिकामा पेला तिने माझ्या हातात दिला.

“आता मी चालवणार नाही. आणि तिकडून परत कधी येईन तेही मला माहीत नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.”

मला वाईट वाटलं. दोघांचंही वाटलं, हे कबूल करतो.

मी परत पडवीत आलो तेव्हा बाबांनी मोटारीच्या तीन जाड तारा सोडवल्या होत्या आणि डोळे मिटले होते.

“अशी सुटी फिरव,” ते म्हणाले.

शार्दूलने दातेरी चाक बोटाने फिरवलं. मोटार हलकी फिरली.

बाबांनी तीन तारांपैकी दोघींची टोकं एकमेकींना टेकवून धरली.

“आता?”

“जड झाली,” शार्दूल म्हणाला. “माहीत आहे मला. दोन तारा जोडल्या की ती स्वतःलाच अडवते.”

“दुसरी जोडी.”

“तेवढीच जड.”

“तिसरी.”

“तेवढीच.”

बाबांनी डोळे उघडले. “मोटारीला काय झालेलं न्हाई. तिघी सारख्याच अडून बसतात. एखादी आतनं तुटली असती तर दोन जोड्या हलक्या लागल्या असत्या.”

“तेच म्हणतोय मी,” शार्दूल म्हणाला. “गाडीत दोष नाही.”

“मी मोटारीचं बोललो,” बाबा म्हणाले.

त्यांनी जाड तारा परत जोडायला लावल्या. गाडी पाटावर ठेवली, चाकं अधांतरी. शार्दूलने रिमोट घेतला, ट्रिगर दाबला. चाकं सुंऽऽ करून फिरली. सोडला, दाबला. पुन्हा सुंऽऽ. दहा वेळा केलं, दहाही वेळा तस्संच.

“बघा,” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपलीच गाडी नीट चालते याचं दुःख व्हायला हवं होतं खरं तर, कारण तिच्यात दोष सापडला असता तर बायको निर्दोष ठरली असती. पण माणूस इतका पुढचा विचार करत नाही. मीही केला नसता.

“पळताना ही अशीच सपाट असती?” बाबांनी विचारलं.

“नाही. जोर घेताना पिळते, उडीवरून पडली की वाकते. खालची पट्टी थोडी लवचीकच ठेवतात, नाहीतर जमिनीवर पकड राहत नाही.”

“आन् तुज्या टेबलावर?”

“टेबलावर कशाला पिळेल? तिथे चाकं हवेत असतात.”

“अंगणात?”

“अंगणात मी हळू सोडतो. मोडायची भीती…”

तो थांबला. वाक्य अर्धं राहिलं. माझ्यासमोर त्याचं अर्धं राहिलेलं ते पहिलंच वाक्य.

बाबांनी गाडी उचलून मांडीवर घेतली. एका हातात तिचं नाक, दुसऱ्या हातात शेपूट. ओला पंचा पिळायला घेतो तशी, पण अगदी अलगद, एवढीशी पिळली.

“दाब.”

शार्दूलने दाबला.

खर्र… खर्र… खर्र.

चाकं थरथरली आणि जागेवर राहिली.

बाबांनी हात सैल सोडले. “दाब.”

सुंऽऽ.

पुन्हा पिळली. “दाब.”

खर्र… खर्र.

 शार्दूल आपल्या बोटाकडे बघत होता. उजव्या हाताचं तेच बोट, मघाशी पायरीवर हेमांगीने वर केलेलं.

धुकं पडवीत शिरलं होतं. चादरीचा हिरवा रंग फिका दिसत होता.

“ही बारक्या तारांची वेणी कशाची?” बाबांनी विचारलं. मोटारीपासून कंट्रोलरपर्यंत सहा बारीक तारा एकत्र गुंफून काळ्या नळीतून नेल्या होत्या. सरळ, ताठ. “आमच्या पंपाला असलं काय नव्हतं.”

शार्दूलला बोलायला विषय मिळाला. अशा माणसांना शिकवायला दिलं की धीर येतो.

“ती सेन्सरची वायर, बाबा. मोटारीच्या आत लोहचुंबक फिरतं. उभं असताना ते नेमकं कुठे तोंड करून उभं आहे हे कंट्रोलरला कळावं लागतं. ते कळल्याशिवाय कुठल्या बाजूने ढकलायचं हे ठरत नाही. म्हणून आत तीन सेन्सर असतात. तिघं सांगतात, चुंबक कुठे आहे.”

“म्हंजे ढकलायच्या आधी इचारतो?”

“हो. प्रत्येक वेळी.”

“आन् जवाब न्हाई आला तर?”

“मग अंदाजाने ढकलतो.”

“तिघांतल्या एकाचाच आला तर?”

“एकाने काय होणार? तिन्ही उत्तरं जुळली तरच जागा कळते. कमी पडली की अंदाजच. वेगात असताना अंदाज चालून जातो. उभ्या गाडीला अंदाजाने ढकललं की ती अडखळते. खर्र… खर्र…”

तो पुन्हा थांबला. 

बाबा काळ्या नळीवरून बोट फिरवत होते. डोळे मिटलेले. मोटारीकडच्या टोकाला, प्लगच्या अगदी जवळ, बोट थांबलं. त्यांनी नखाने नळी मागे सारली. हिरव्या तारेचं वरचं आवरण शाबूत होतं. बाबांनी ती जरा वाकवली तेव्हा आवरण मऊ पडलं, आतून रिकामं. तांबं तुटलेलं. सपाट ठेवलं की टोकाला टोक टेकत होतं, जरा ताण पडला की सुटत होतं.

“ही बदलली न्हाईस?”

“नाही.”

“सगळं बदललंस ना?”

“ही…” शार्दूलचा आवाज बारीक झाला. “ही मी स्वतः बनवली होती. पहिल्या गाडीपासून हीच काढून पुढच्या गाडीत घालतो. कंपनीची वायर लांब येते, तिचा लोंबता वेढा दिसतो. मी मोजून, बरोबर तेवढीच केली. एक मिलिमीटर जास्त नाही.”

“त्येच,” बाबा म्हणाले. “गाडी वाकनार, आन् हिला वाकायला जागाच ठेवली न्हाईस.”

शार्दूलने मान खाली घातली. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवायचं त्याला सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला तो पहिल्यांदा बरा वाटला.

पेटीच्या तळाशी, पिशवीत बंद, न वापरलेली कंपनीची वायर होती. त्याने ती काढली. दोन मिनिटांत काम झालं. लांब वायरचा एक वेढा वर आला, बेढब, सगळी शिस्त मोडणारा. फोटो काढायला आता कुणी येणार नाही.

बाबांनी गाडी पुन्हा मांडीवर घेतली, पुन्हा पिळली.

सुंऽऽ.

आणखी पिळली.

सुंऽऽऽ.

तो आवाज बाहेर तळ्यापर्यंत गेला असणार. धुक्यात आवाज लांब जातो.

शार्दूल उठून उभाच राहिला. पायांत चपला घालायला सुरुवात केली, डावी-उजवी उलट.

“कुठं?” बाबा म्हणाले.

“हेमांगीला सांगतो.”

“काय सांगनार?”

“गाडी झाली. दोष वायरचा होता, तुझा नव्हता. बॅग आत ठेव, चल. आज दुपारी सराव करू, उद्या टायर बसवतो, रविवारी…”

बाबांनी हात पुढे केला आणि नव्या वायरचा प्लग मोटारीतून उपसला. मग शार्दूलच्या हातातला रिमोट घेतला. गाडी सतरंजीवर ठेवली आणि ट्रिगर दाबला.

खर्र… खर्र… खर्र… खर्र.

गाडी जागच्या जागी धडपडत राहिली. सतरंजीला सुरकुती पडली, गाडी पुढे सरकली नाही.

बाबा ट्रिगर सोडेनात. तो आवाज ऐकवत नव्हता.

“पुरे, बाबा,” शार्दूल म्हणाला.

बाबांनी सोडला.

तेवढ्यात फाट्याच्या बाजूने एसटीचा हॉर्न ऐकू आला. लांब, घसा बसलेला. मग इंजिन थांबल्याचा आवाज, पुन्हा सुरू झाल्याचा, आणि हळूहळू तासगावच्या रस्त्याला निघून गेल्याचा.

“ही कुठली गाडी?” शार्दूलने मला विचारलं.

“तासगावची.”

“तिचं माहेर तासगाव,” तो म्हणाला. सांगताना सगळं त्याच्या लक्षात येत गेलं, मला बघताना कळत होतं. “मी तिला वाटेत सोडणारच होतो, एक दिवसासाठी… काका, तिने बॅग बाहेर काढली होती का?”

मी मान हलवली.

“मोठी?”

मी पुन्हा हलवली.

तो पडवीच्या कडेला आला. कारचं उघडं दार दिसत होतं. आत कुणी नव्हतं. पायऱ्यांकडे बघितलं तर आता पहिलीसुद्धा दिसेना. सगळं पांढरं झालं होतं. चिंच नाही, पाणी नाही, वाट नाही. ती गेली असेल किंवा नसेल, आणि त्या पडवीत कुणालाच ते माहीत नव्हतं.

त्याने तोंड उघडलं. बोलायला वाक्य तयार होतं, ओठांवर दिसत होतं. त्याने ते मिटलं.

गाडी मागे सतरंजीवर पडली होती. त्याने तिच्याकडे वळून बघितलं नाही.

“हेमांगी…” तो म्हणाला. मोठ्याने नाही. “कुठे आहेस?”

काही नाही.

मघाचा तो पक्षी पुन्हा पंख आपटून गेला. पाणी पायरीला लागत होतं. मी चहाचं भांडं हातात धरून उभा होतो.

शार्दूल दुसऱ्यांदा हाक मारेल असं वाटलं. त्याने मारली नाही. तो नुसता उभा राहिला. चपला उलट्या, हात रिकामे, मान थोडी पुढे. ऐकत होता. मला वाटतं, ते त्याला नवीन होतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. धुक्यात घड्याळ कळत नाही.

मग खालून, पाण्याच्या अगदी जवळून, आवाज आला.

“इथे.”

शार्दूलने तिकडे मान वळवली. डोळे भरले. त्याने घाईने पाय उचलला, पहिली पायरी अंदाजाने शोधत.

बाबा सतरंजीवरच बसले होते. प्लग अजून त्यांच्या दोन बोटांत होता.

“थांब,” ते हळूच म्हणाले. “ती कुठं हाय, ह्या एकाचाच जवाब आलाय… चालवनार का, घरी येनार का, अजून दोन यायचेत.”